रिझल्ट काय हाय?

यवतमाळ जिल्ह्यातला माणूस कशावर एकदम विश्वास टाकत नाही आणि एकदम नाहीही म्हणत नाही. तो मधला एक प्रश्न विचारतो, "रिझल्ट काय हाय?" मृग लागायच्या सुमारास घाटंजी, आर्णी, राळेगाव, कुठल्याही गावच्या कृषी केंद्रात जरा वेळ उभं राहावं. कपाशीच्या बियाण्याची पिशवी गिऱ्हाईक हातात घेतं, तोलून बघतं, मागची बारीक अक्षरं चष्मा नसतानाही वाचल्यासारखं करतं आणि पिशवी काउंटरवर ठेवून दुकानदाराच्या डोळ्यांत बघतं. दुकानदार सांगतो, एक नंबर माल. एवढ्यावर भागत नाही. "मागच्या साली कोणाच्या वावरात होतं?" नाव सांगावं लागतं. मग त्या वावरवाल्याला फोन जातो. तो म्हणतो, "बरं होतं." आमच्याकडे 'बरं होतं' ही फार मोठी शिफारस आहे. तेवढ्यावर मुली दिल्या गेल्या आहेत.

२०२१ साली ह्याच माणसाच्या दारात आशाताई आल्या आणि लस घ्या म्हणाल्या. तो दुसरं काय विचारणार? "रिझल्ट काय हाय? कोणाले देल्ली?" आशाताईंनी सांगितलं, मी स्वतः घेतली. त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मंग पाहू पंधरा दिस."

पेपरात आणि टीव्हीवर ह्याला 'लशीबद्दलचे गैरसमज' म्हणत. मला ते अर्धंच पटलं. गैरसमज ढिगाने होते, त्यातले काही पुढे सांगणारच आहे, सांगितल्यावाचून राहवणार नाही. पण हा जिल्हा गॅरंटीने पोळलेला आहे हेही धरायला हवं. २००२ साली बीटी कपाशी आली. बोंडअळी पान खाईल आणि मरेल, म्हणाले. मेली. २००६ साली दोन जनुकांची दुसरी बीटी आली, तीही चालली. मग गुलाबी बोंडअळीने त्या बीटीचीही सवय करून घेतली आणि २०१७ च्या हंगामात बोंड उकलून पाहावं तर आत अळी निवांत बसलेली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषध अळीपेक्षा माणसालाच जास्त लागू पडलं. त्यानंतर चार वर्षांनी कोणी सुई घेऊन आलं आणि 'एकदम सेफ' म्हणालं, तर समोरच्याने जरा मागे सरून उभं राहणं ह्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बरं, लस काढणाऱ्यांनी तरी चार दिवस नीट राहावं! ३ जानेवारी २०२१ ला कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोघींना परवानगी मिळाली. लगोलग कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या सीरमच्या अदर पूनावालांनी सांगून टाकलं की फायझर, मॉडर्ना आणि ऑक्सफर्डची, म्हणजे त्यांचीच, सोडली तर बाकीच्या लशी पाण्याइतक्या सुरक्षित आहेत. हैदराबादला कोव्हॅक्सिनवाल्या भारत बायोटेकचे कृष्णा एल्ला खवळले. दोन दिवसांत दोन्ही कंपन्यांनी मिळून गोडीगुलाबीचं निवेदन काढलं. आमच्या लोकांना ह्यात नवीन काही दिसलं नाही. दोन बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी दिवसभर एकमेकांच्या वाणाला बोगस म्हणतात आणि रात्री एकाच धाब्यावर जेवतात. फक्त 'पाणी' हा शब्द तेवढा जिल्ह्याने ध्यानात ठेवला. तो पुढे फार उपयोगी पडला.

त्यातून कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्याची चाचणी अजून चालू होती, म्हणून तिला परवानगी दिली ती 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये. यवतमाळच्या दत्त चौकात चहा पिताना एका निवृत्त मास्तरांनी ह्याचा अर्थ लावून दिला. "सोपं हाय. पेरून पाहू. उगवलं तं बियाणं होतं." मार्चमध्ये त्या चाचणीचे पहिले आकडे आले, ८१ टक्के. अंतिम हिशेब ७७.८ वर स्थिरावला. मास्तर म्हणाले, "म्हणजे उगवलं. पण थे तं पेरल्यावर समजलं ना!" ह्यावर भल्याभल्या शास्त्रज्ञांनी इंग्रजीत लांबलचक लेख लिहिले, त्यांचंही म्हणणं फारसं निराळं नव्हतं.

टक्क्यांनी तर कहर केला. कोव्हिशिल्ड ७० टक्के परिणामकारक, असं आलं. त्याबरोबर चौकात हिशेब झाला की शंभरातले तीस मरतील. चाचणीत लस न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांत आजार ७० टक्क्यांनी कमी दिसला, हा त्याचा अर्थ. आणि दवाखान्यात भरती व्हायची किंवा मरायची वेळ येण्यापासूनचं संरक्षण त्याहूनही जास्त. हे समजावून सांगता सांगता माझा चहा दोनदा निवला. ऐकणाऱ्यांतले निम्मे जण पिशवीवर ७५ टक्के उगवणशक्ती छापलेलं बियाणं वर्षानुवर्षं घेत आलेत आणि उरलेल्या पंचवीस टक्क्यांची जागा तुटाळी लावून भरत आलेत. तिथे कोणी हिशेब विचारत नाही. ह्या ७० ची गंमत अशी की तो सरासरीचा आकडा होता. दोन पूर्ण डोस घेतलेल्यांत परिणाम ६२ टक्के निघाला आणि मोजमापाच्या घोळात ज्यांना पहिला डोस अर्धाच गेला त्यांच्यात ९०. ही बातमी कृषी केंद्रात पोचली तेव्हा दुकानदाराने पेपर मिटून ठेवला. लेबलवर लिहिलंय त्याच्या दीडपट टाकल्याशिवाय अळी ऐकत नाही, ह्या तत्त्वावर त्याचा संसार उभा होता.

मग प्रत्यक्ष टोचायला सुरुवात झाली आणि ताप आला. कोव्हिशिल्डवाल्यांना रात्री हुडहुडी भरायची, अंग ठेचल्यासारखं व्हायचं. कोव्हॅक्सिनवाले बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी वखरणीला हजर. ह्यातून दोन पंथ निघाले. ज्याला ताप आला तो म्हणे, "मले लस बाधली." ज्याला आला नाही तो म्हणे, "पाणीच भरलं होतं, पेपरात आलं होतं ना!" समाधानी कोणीच नाही. आमच्या माहितीतल्या एका घरात सासू आणि सून एकाच दिवशी, एकाच रांगेत, एकाच बाटलीतून टोचून आल्या. सासू दोन दिवस गोधडीत. सून भाकरी थापत होती. नर्सबाईशी ओळख काढून चांगली लस कोणी मिळवली, ह्यावर त्या घरात चांगलंच वाजलं. चांगली म्हणजे ताप येणारी की न येणारी, हे आधी ठरलेलं नसल्यामुळे वाद मिटायला काही मार्गच नव्हता. सासरे मधे पडले आणि त्यांना "तुम्ही आधी घेऊन या" असं दोघींनी एका सुरात सांगितलं. त्या घरातला तो वर्षातला एकमेव एकमताचा ठराव.

'आधी तुम्ही घ्या' हे म्हणणं तसं जुनं आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकीनने १० जानेवारीला ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १ मार्च २०२१ ला पंतप्रधानांनी एम्समध्ये कोव्हॅक्सिन घेतली, तीही टीव्हीवर सगळ्यांना दिसेल अशी. आमच्या काकाजींनी ते बातम्यांत पाहिलं आणि एकच शंका काढली. "थ्यायच्या बाटलीतलीच आपल्याले देतीन का?"

पुरुषांची खरी अडचण निराळीच होती. लस घेतल्यावर ४५ दिवस दारू चालत नाही, अशी आवई उठली. कोणी उठवली ठाऊक नाही; बायकांनी उठवली असावी असा माझा संशय आहे, आणि तसं असेल तर सार्वजनिक आरोग्याची ती देखणी कामगिरी होती. फक्त उलटी लागली. माणसं दारू सोडण्याऐवजी लस सोडून बसली. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर २८ दिवसांवरून सहा ते आठ आठवड्यांवर आणि १३ मे ला बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं, तेव्हा एकाने मला बोटांवर हिशेब करून दाखवला. पहिल्या डोसाचे पंचेचाळीस, दुसऱ्याचे पंचेचाळीस, आणि मधे दिवाळी. "जमत नाही बाप्पा." अंतर वाढवलं ते परदेशातल्या आकड्यांत जास्त अंतराने परिणाम बरा दिसला म्हणून, असं सरकार म्हणत होतं. लोक म्हणत होते, माल संपला म्हणून. त्या महिन्यात दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन गोष्टी एकदम खऱ्या असल्या की चौकात चर्चा करायला मजा येत नाही.

इथे जरा थांबावं लागतं. ह्याच जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ ला, पोलिओच्या रविवारी, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा लेकरांच्या तोंडात पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. पोलिओचा रविवार मुळात १७ जानेवारीला होता, कोरोना लशीचा शुभारंभ १६ ला आला म्हणून पुढे ढकललेला. लेकरं यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवली, सगळी बरी होऊन घरी गेली. आणि एप्रिलमध्ये, दारूची दुकानं बंद असताना, वणीत सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली. वर्षभर देशाला 'सॅनिटायझर वापरा' म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलं, त्याचं आमच्या जिल्ह्यात हे झालं. कापसी-कोपरीच्या एखाद्या आईने नंतर लशीच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचून दाखवायला सांगितलं असेल, तर तिला गैरसमज झाला होता असं कोणी म्हणू नये. लेबल वाचायलाच हवं होतं, आणि ते तिने वाचायचं नव्हतं.

जूनमध्ये नाशकाहून बातमी आली की लस घेतल्यावर एका गृहस्थांच्या अंगाला चमचे, नाणी चिकटतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी दाखवून दिलं की अंग घामेजलेलं असलं की लस न घेतलेल्यालाही चिकटतात. आमच्याकडे ही चर्चा फार टिकली नाही. मे-जूनमध्ये यवतमाळात प्लास्टिकची खुर्चीसुद्धा माणसाबरोबर उठते.

शंका एकीकडे आणि झुंबड दुसरीकडे, हे एकाच वेळी चाललं होतं. १ मे पासून अठरा वर्षांपुढच्यांना लस खुली झाली, कोविन नावाच्या पोर्टलवर जागा पकडायची होती, आणि ती ज्याच्या मोबाइलला रेंज त्याला मिळायची. शहरातली पोरं गाड्या काढून खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर येऊ लागली. गावातली माणसं पारावर बसून बघत. "नागपूरहून आले म्हणते. लसीसाठी." लस घ्या म्हणून आशाताई महिनाभर पाया पडत होत्या, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. पण एवढं पेट्रोल जाळून माणूस येतो म्हणजे मालात काहीतरी असणार, हे पारावर ताबडतोब पटलं. दुसऱ्या दिवशी गावकरी रांगेत गेले, तर डोस संपलेले.

फुकटपणाही आडवा आला. सरकारी केंद्रावर लस फुकट होती. खासगीत मार्चमध्ये २५० रुपये, पुढे कोव्हिशिल्ड ७८० आणि कोव्हॅक्सिन १४१० पर्यंत. ज्यांनी १४१० मोजले त्यांनी ती पाण्यासारखी असल्याचं कधीही मान्य केलं नाही.

नोव्हेंबरात निवृत्तीमहाराज इंदुरीकरांनी कीर्तनातून सांगितलं, मी लस घेतली नाही आणि घेणारही नाही. आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, त्यांची समजूत काढू. त्याच महिन्यात औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकही डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही असा हुकूम काढला. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात परिणामकारक लस ती. परिणामकारकता किती टक्के, हे कोणीही विचारलं नाही.

मग जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि दोन-दोन डोसवाले घरोघर शिंकू लागले. मास्तरांना आनंद लपवता येईना. "दोन घेऊन झालाच ना? मंग फायदा काय?" मी म्हटलं, मास्तर, तीन दिवसांत उठून चहा प्यायला आलात, हा फायदा. ते म्हणाले, "थो विषाणूच सौम्य होता." तेही काही अंशी खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो. विषाणू सौम्य असणं आणि लशीने सौम्य करणं हे वेगळं काढून दाखवायला लस न घेतलेले दुसरे मास्तर लागले असते, तितक्याच वयाचे आणि तितकेच हट्टी. तसे जिल्ह्यात मिळणं कठीण.

तेवढ्यात तिसरा डोस सुरू झाला. सरकारी नाव 'प्रिकॉशन डोस', लोकांच्या तोंडी बूस्टर. हे ऐकताच काकाजींचा चेहरा उजळला, कारण आता त्यांना सगळा व्यवहार कळला होता. कृषी केंद्रात कीटकनाशकाची बाटली घेतली की दुकानदार हळूच दुसरी बाटली सरकवतो. "संगं हे बूस्टर टाका काकाजी, याच्याशिवाय त्याचा रिझल्ट नाही." मग आधी सांगितलेला रिझल्ट कुठे गेला, हे विचारायची पद्धत नाही. काकाजी आशाताईंना म्हणाले, "बाई, हे तं आम्ही वीस वर्सांपासून ऐकून राह्यलो. याच्यानंतर टॉनिक येते." जुलै २०२२ पासून पंच्याहत्तर दिवस बूस्टर सगळ्या प्रौढांना फुकट होता. आमच्या गावात त्या केंद्रावरच्या ताई स्वेटर विणत. जुलैत.

सगळं विसरलं असं वाटत असताना २०२४ च्या उन्हाळ्यात विलायतेहून बातमी आली. ज्यांची लस सीरमने कोव्हिशिल्ड म्हणून बनवली त्या अॅस्ट्राझेनेकाने कोर्टात कबूल केलं की त्यांच्या लशीने फार क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात. हे डॉक्टरांना २०२१ पासून ठाऊक होतं, आमच्या चौकाला नव्हतं. त्या दिवसापासून जिल्ह्यातली एकूण एक दुखणी लशीच्या खात्यावर जमा झाली. गुडघे, केस गळणं, विसराळूपणा, पोराचं लग्न न जमणं. एकाने तर रक्तदाब लशीमुळे वाढला म्हणून सांगितलं आणि सांगताना तिसरी मिरची भजी उचलली. तरुणांच्या अचानक मृत्यूंची शंका मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती, आणि ती तपासलीही गेली. आयसीएमआरच्या अभ्यासात लशीमुळे असे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी आढळला. त्यात दिसलेली कारणं म्हणजे कोरोनाने आधी रुग्णालयात काढलेले दिवस, घरातला तसा इतिहास, एका बैठकीत ढोसलेली दारू. ही यादी मी मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या कारणापाशी चौकातले तीन जण मोबाइल बघू लागले.

मुद्दा असा की लशीचा रिझल्ट वावरात दिसत नाही. जे झालं ते दिसतं. डोस घेतला आणि आठव्या दिवशी माणूस गेला, हे दहा गावांत कळतं. डोस घेतला आणि गेला नाही, ही बातमी कोण कोणाला सांगणार? 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात २०२२ साली काही संशोधकांनी गणित मांडलं. लसीकरणाच्या पहिल्या वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ९८ लाख मृत्यू टळले, त्यांतले सुमारे ४२ लाख भारतातले. अंदाजच तो, पण आकड्यांवर बेतलेला. मी तो चौकात मोठ्या उत्साहाने सांगितला. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातले आपल्या गावचे कोणते?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, तसं नाव घेऊन सांगता येत नाही. तुम्हीही असाल. काकाजींनी दोन्ही डोस घेतलेत, शुगर आहे, वय सत्तरीच्या पुढे. ते म्हणाले, "मी नाही. मले काही होतच नव्हतं." मास्तरांनीही स्वतःचं नाव मागे घेतलं. मग गावातल्या एकेकावर विचार झाला. पाटील काढ्यामुळे वाचले. तलाठी बाहेरगावी होते म्हणून वाचले. पुजारी देवामुळे, कंपाउंडर सवयीमुळे. बेचाळीस लाखांतला एकही आमच्या गावातला निघेना. शेवटी कोणीतरी खालच्या आळीतल्या एका इसमाचं नाव घेतलं. त्याने डोस घेतले होते, तरी तो ऑक्सिजनवर गेला होता, आठ दिवसांनी चालत घरी आला. ह्यावर कोणाचा आक्षेप आला नाही. काकाजी बराच वेळ गप्प होते. त्यांचे बियाण्याचे तीन हजार त्या इसमाकडे २०२० पासून अडकलेले आहेत.

"म्हणजे थो लशीनं वाचला?"

"असू शकते, काकाजी."

"मंग आता तं पैसे मागता येतीन."